जाळव्याचा दाखला

गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाचं लक्ष आधी काहिलीकडं जातं. रस उकळत असतो, वाफ छपराला भिडलेली असते आणि काठावर लांब दांड्याचं फावडं धरून गुळव्या उभा असतो. गूळ त्याचा, नाव त्याचं. काहिलीच्या खाली, जमिनीत खणलेल्या चुलवाणाच्या तोंडाशी आणखी एक माणूस उकिडवा बसून वाळकी चिपाडं आत सारत असतो. त्याला जाळव्या म्हणतात. त्याच्याकडं कुणी बघत नाही. बघायचं तर वाकावं लागतं.

माळवाडीच्या जयसिंगराव वरुट्यांच्या गुऱ्हाळावर तीस वर्षं ही जागा आकाराम कांबळ्यांची होती, आणि त्यातली शेवटची चौदा वर्षं त्यांचा मुलगा प्रसेनजीत त्यांच्या शेजारी बसत होता. माळवाडी पन्हाळ्याच्या पायथ्याला, कासारी नदीच्या काठाला. मुलाचं नाव आकारामांनी बुद्धाच्या गोष्टीतल्या एका राजावरून ठेवलं होतं. गावाच्या जिभेला ते जड जाई, म्हणून गाव त्याला 'परश्या' म्हणे. हा मात्र पूर्ण नाव घेतल्याशिवाय ओ देत नसे. दुसरीत असल्यापासूनची ही सवय. हाक मारणारा दोनदा ओरडे, तीनदा ओरडे, मग चिडून का होईना 'प्रसेनजीत' म्हणे, आणि तेव्हा हा शांतपणे वळून बघे. शाळा सातवीला सुटली, सवय सुटली नाही.

चुलवाणाशी बसायला लागला त्या पहिल्याच हंगामात त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. गूळ तयार झाला की वरून महिपती गुळव्या हाक द्यायचा, "जाळ ओढ." पण ती हाक यायच्या दोन श्वास आधीच आकारामांनी पेटती चिपाडं काठीनं बाहेर ओढलेली असायची.

"आबा, त्यानं सांगायच्या आदीच जाळ ओढलासा की," तो म्हणाला.

"त्येला दिसंपातुर बुडाचा गूळ करपतोय," आकाराम म्हणाले. "काहिलीचं बूड आदी बोलतंय. डोळं मिट आन् ऐक."

त्यानं डोळे मिटले. रस आधी खळखळतो, मग खदखदतो. मग घट्ट होत आला की प्रत्येक बुडबुडा वेगळा फुटतो, ओल्या चिखलातून पाय उचलावा तसा. आणि त्यानंतर अगदी थोडा वेळ काहील गप्प झाल्यासारखी वाटते. तिथं जाळ ओढायचा.

"मग महिपतीमामाला सांगा की हे."

"सांगून काय हुतंय? गूळ त्येचाच म्हणत्यात."

आकारामांना त्याचं वाईट वाटत नव्हतं, किंवा वाटत असलं तरी त्यांनी ते कधीच गिळून टाकलं होतं. प्रसेनजीतला गिळता आलं नाही. आपल्याला कुणीतरी गुळव्या म्हणावं, आणि ते लिहून द्यावं, हे त्याच्या डोक्यात तेव्हापासून बसलं.

शहाण्णव सालच्या दसऱ्याला शाहूपुरीतल्या एका गूळव्यापाऱ्याचे मेहुणे रमणिकभाई माळवाडीला आले. रमणिकभाईंच्या थोरल्या भावाचा केनियात, किसुमू गावाच्या पलीकडं, गुळाचा कारखाना होता. ऊस भरपूर, गिऱ्हाईक भरपूर, पण कोल्हापूरसारखा गूळ तिथं होत नव्हता. जयसिंगरावांचा गूळ सौद्यात, म्हणजे लिलावात, नेहमी एक नंबरला जायचा, म्हणून ते त्यांच्या गुळव्याला न्यायला आले होते. महिपती जयसिंगरावांच्या पाहुण्यातलाच. गावानं हार घातले आणि तो गेला.

तो गेल्यावर गुळव्याच्या जागी जयसिंगराव स्वतः उभे राहिले. त्यांना उभं राहायचं ठाऊक होतं, हाक कधी द्यायची ते नव्हतं. तरी गूळ एक नंबरलाच जात राहिला. आणि माघ सरता सरता महिपती परत आला. वाळलेला, चिडलेला. तिकडचा ऊस वंगाळ, पाणी वंगाळ, माणसं आडमुठी, म्हणाला. तीन महिन्यांत एक काहील नीट उतरली नव्हती. त्याच्या मागोमाग रमणिकभाईही आले, दुसरा गुळव्या शोधायला.

गुऱ्हाळावर बाज टाकून सगळे रस पीत बसले होते. महिपतीचं गाऱ्हाणं तिसऱ्यांदा चाललं होतं. प्रसेनजीत चुलवाणातून बाहेर आला, अंगावरची राख झटकली आणि बाजेसमोर उभा राहिला.

"भाई, मी येतो."

महिपती हसला. "तू? जाळ घालायला काय केनियात माणसं न्हाईत व्हय रं?"

"हाईत की. म्हणून तर तुमचा गूळ काळा झाला." प्रसेनजीत रमणिकभाईंकडं वळला. "हे तिकडं गेलं, तिकडचा गूळ बिघडला. हितं मालक उभं ऱ्हायलं, हितला गूळ हाय तसाच हाय. वरचा माणूस बदलून काय फरक पडला न्हाय. तुमी गुळव्या नेलासा, चुलवाण हितंच ठिवून गेलासा."

रमणिकभाई व्यापारी माणूस. त्यांनी मनातल्या मनात हिशेब करून बघितला आणि तो जुळला असावा. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"गूळ येतो तुला?"

"येतो."

"काहिलीवर उभा राहिलायस?"

"ऱ्हाऊ दिलं न्हाय."

"हे बघ," रमणिकभाई म्हणाले, "तिथं कामाचा परवाना मिळतो तो कसबी माणसाला. गुळव्या म्हणून कुठल्यातरी गुऱ्हाळमालकाचा दाखला पाहिजे. मी दहा दिवस कोल्हापुरात आहे. दाखला आण, केलेला गूळ आण. मग बोलू."

सगळ्यांच्या नजरा जयसिंगरावांकडं गेल्या. ते वाईट माणूस नव्हते. आकारामांच्या आजारपणात त्यांनी बैलगाडी जुंपून दवाखान्यात पोचवलं होतं. पण काही गोष्टी त्यांच्या मनात दगडासारख्या बसलेल्या होत्या, आणि त्या कुणी बसवल्या हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"दाखला देतो की," ते म्हणाले. "चौदा वर्सं जाळव्याचं काम केलंय, इमानदारीनं केलंय. लिहून देतो. सही-तारखेसकट देतो."

"गुळव्याचा पायजे, मालक."

"जे केलं न्हाईस त्येचा कसा देऊ?"

"मग आज करतो. सोडा एक काहील माझ्यावर."

जयसिंगराव काहिलीकडं वळले. "परश्या, माझा गूळ देवाला जातोय, लग्नकार्याला जातोय. लोकं विचारत्यात, कुणी केला. माझ्याच्यानं व्हायचं न्हाय ते."

प्रसेनजीतनं ओ दिली नाही. हातातली काठी त्यानं चुलवाणाच्या भिंतीला नीट टेकवून ठेवली, पडू नये म्हणून दोनदा हलवून बघितली, आणि तो चालायला लागला. हंगाम अजून दीड महिना उरला होता.

घरी आक्काताईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही.

"काठी ठिवलासा न्हवं? फेकला न्हाईसा?"

"ठिवली."

"बरं केलं. फेकली असती तर उचलायला परत जाया लागलं असतं." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आता मालक कुठला शोधणार?"

दुसऱ्या दिवशी प्रसेनजीत कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गेला. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वाहणाऱ्या हमालांना पाच तालुक्यांतली खबर असते. कुठलं गुऱ्हाळ बंद पडलंय, एवढंच त्यानं विचारलं. नेसरीच्या अलीकडं भीमाप्पा नावाच्या शेतकऱ्याचं गुऱ्हाळ होतं. त्याच्या गुळव्याला कावीळ झाली होती आणि तोडलेला ऊस तसाच पडला होता.

पहाटेच्या एस.टी.ला तो स्टँडवर आला तर आकाराम आधीच पिशवीवर बसलेले. खांद्यावर जाळाशी बसताना घ्यायचा जुना टॉवेल.

"आबा, तुमी कुठं?"

"तू वर उभा ऱ्हाणार. खाली कोण बसणार, तुझा मामा?"

"मालकाचा हंगाम सोडून आलासा?"

"तीस हंगाम केलं. एक ऱ्हायला तर ऱ्हायला," आकाराम म्हणाले, आणि गाडीत खिडकीची जागा धरून बसले.

भीमाप्पांच्या घरी कानडी आणि मराठी दोन्ही चालायचं. दारात त्यांची बायको शांतव्वा धान्य पाखडत होती. "कुठलं पावणं?" तिनं विचारलं.

प्रसेनजीतनं वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं. अंगणात उभा राहून त्यानं ते एका दमात सांगून टाकलं. "पन्हाळ्याकडचं. माझं नाव प्रसेनजीत आकाराम कांबळे. बौद्ध. हे माझं वडील. चौदा वर्सं चुलवाणाशी बसलोय, काहिलीला हात लावू दिल्याला न्हाय. गूळ येतोय. मजुरी नको. तुमचा गूळ चांगला उतरला तर गुळव्या म्हणून माझ्या नावाचा दाखला द्यायचा."

शांतव्वानं सूप खाली ठेवलं. "तम्मा, एवढं सगळं उभ्या उभ्या सांगत्यात व्हय? चा पिऊन सांगायचंस."

"चा पिऊन सांगितलं असतं, मावशी, तर मागनं कप धुताना तुमी पस्तावला असतासा."

ती आत गेली आणि चहा घेऊन आली. चारी कप एकाच नक्षीचे होते.

भीमाप्पा सोप्यावर बसून ऐकत होते. नवरा-बायकोचं कानडीत बोलणं झालं; त्यातला 'बेल्ल', म्हणजे गूळ, एवढाच शब्द प्रसेनजीतला कळला. तो पुष्कळदा आला. शेवटी भीमाप्पा मराठीत म्हणाले, "कर. ऊस वाळायलाय. पण सौद्यात कुणी विचारलं तर गूळ मी केला म्हणायचं. दाखल्याचं मागनं बघू."

प्रसेनजीतनं कप खाली ठेवला आणि पिशवी उचलली. "मग आमी येतो, काका."

"आरं, एवढ्या लांबनं आलाईस..."

"गूळ दुसऱ्याच्या नावानं करायचा तर माळवाडीत काय वाईट हुतं?"

शांतव्वा नवऱ्याकडं बघून कानडीत चारच शब्द बोलली. भीमाप्पांनी मान खाली घातली. मग ती प्रसेनजीतला म्हणाली, "ऊस तोडून चौथा दिवस हाय. पिशवी ठेव. गूळ पिवळा आला तर तुझं नाव लिहू. काळा आला तर दाखला बी काळाच."

दुपारी घाणा सुरू झाला. रस काहिलीत पडला. प्रसेनजीतनं रस निवळायला रानभेंडीचं पाणी घातलं, मळी वर आली तशी ती काढली. इथवर सगळं ठीक होतं. पण रस आटायला लागला आणि वरून त्याला काहीच कळेना.

चौदा वर्षं तो खाली बसला होता. जे काय शिकला होता ते कानानं आणि नाकानं. इथं समोर नुसती वाफ होती, वाफेत फेस होता, आणि फेसाचा रंग बघून गुळवे काय ओळखतात हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. घाण्यावरची चार माणसं काम सोडून बघायला उभी राहिली. भीमाप्पा छपराच्या खांबाला टेकून उभे होते.

प्रसेनजीतनं फावडं बाजूला ठेवलं, काहिलीच्या काठाशी उकिडवा बसला, अगदी चुलवाणाशी बसतात तसा, आणि डोळे मिटले.

"गुळव्या झोपला काय रं?" घाण्यावरचा एकजण म्हणाला.

"जागा करा त्येला, न्हाईतर पडंल काहिलीत. गोड हुईल पर."

हसणं झालं. प्रसेनजीतनं ऐकलं आणि सोडून दिलं. हसण्याच्या खाली घाण्याची घरघर होती, घरघरीच्या खाली जाळाचा फरफराट, आणि त्याच्याही खाली काहिलीचं बूड. खळखळ संपली. खदखद सुरू झाली. ती जाड होत गेली. मग चिखलातून पाय उचलल्यासारखा एकेक बुडबुडा. तो थांबला. अजून नाही. अजून नाही. आणि काहील गप्प झाली.

"जाळ ओढा."

खालून पेटती चिपाडं बाहेर आली. हाकेनंतर आली. आधी नाही.

हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, कारण तोवर हात चालू होते. पाण्यात पाकाचा थेंब टाकून त्यानं गोळी वळली, ती काहिलीच्या काठावर मारली, टण् वाजली. काहील ओढली, गूळ निववायच्या वाफ्यात ओतला, फावड्यांनी घोटला. निवत चाललेला गूळ नव्या पितळेसारखा दिसायला लागला तेव्हा तो खाली चुलवाणाशी गेला.

"आबा, आज आदी ओढला न्हाईसा."

आकाराम तोंड पुसत होते. "हाकेची वाट बघितली."

"आन् मी चुकलो असतो तर?"

"तर चुकला असतास. गुळव्या तू हैस."

शांतव्वानं वाफ्याच्या कडेचा एक खडा तोंडात टाकला आणि सावकाश चघळला. मग आपल्या लेकीला, विद्याश्रीला, वही आणायला सांगितलं. पोरीनं वळणदार अक्षरात लिहिलं: प्रसेनजीत आकाराम कांबळे यांनी आमच्या गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून काम केले, गूळ एक नंबर उतरला. "आबांचं बी लिहा," प्रसेनजीत म्हणाला. तेही लिहिलं. भीमाप्पांनी खाली कानडीत सही केली. आधी आढेवेढे घेतलेला तो माणूस, पण सही मात्र मोठी केली. काविळीतला गुळव्या बरा होईपर्यंत बापलेकांनी तिथं आणखी अकरा काहिली उतरवल्या. त्यांतल्या पहिल्या आठवड्यातच प्रसेनजीत एक दिवस काढून कोल्हापूरला जाऊन रमणिकभाईंच्या समोर गुळाचा खडा आणि वहीचा कागद ठेवून आला.

पुढचं सगळं कागदांचंच होतं. परवान्याचा अर्ज भरताना मुंबईच्या एजंटानं धंद्याच्या रकान्यात 'मजूर' लिहिलं. प्रसेनजीतनं नवा अर्ज मागितला. "काय फरक पडतो, पावणं?" एजंट म्हणाला. "पडत न्हाय तर गुळव्या लिवा की मग," हा म्हणाला. सत्त्याण्णवच्या ऑगस्टमध्ये तो विमानात बसला. आक्काताईनं ट्रंकेत चटणी, लोणचं आणि एका चिंधीत रानभेंडीचं बी बांधून दिलं होतं. तिकडं माती आहे म्हणजे भेंडी येईल, एवढा सरळ तिचा विचार होता, आणि तो बरोबर निघाला.

किसुमूच्या पलीकडची माती तांबडी, पाऊस रोजचा, ऊस बारा महिने. कारखान्याच्या शेठनी, म्हणजे रमणिकभाईंच्या भावानं, त्याला एक खोली, एक खुर्ची आणि 'मास्तर' ही पदवी दिली. पहिल्या दिवशी तो काहिलीवर उभा राहिला आणि अर्धी काहील करपली. खाली वेकेसा नावाचा तिथलाच उंच, गप्प माणूस जाळ घालत होता. हाक गेली, पण वेकेसाला ती कशासाठी हेच कुणी कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रसेनजीत सरळ चुलवाणात उतरला.

"मास्तर, तुमची जागा वर," शेठ म्हणाले. "खाली बसायला तुम्हाला आणलेलं नाही."

"वर कुणीबी उभा ऱ्हाईल, शेठ. गूळ हितं हुतोय."

आठ दिवस तो वेकेसाच्या शेजारी बसला. भाषा येत नव्हती. स्वतःचे डोळे मिटून दाखवायचे, कानाला हात लावायचा, आणि वेळ आली की म्हणायचं, "ओढ." नवव्या दिवशी वेकेसानं त्याच्या आधी काठी घातली. प्रसेनजीतनं डोळे उघडले तर तो हसत होता. 'ओढ' हा शब्द त्या कारखान्यात कायमचा राहिला.

एकोणीसशे नव्व्याण्णवला आक्काताई आणि लेक प्रीती तिकडं गेल्या. त्याच वर्षी कारखान्यात दुसरी काहील बसली आणि प्रसेनजीतनं शेठना सांगितलं की तिच्यावर गुळव्या म्हणून वेकेसा उभा राहील. जाळ घालणारा माणूस वर कसा, लोक काय म्हणतील, दुसरा कोल्हापूरहून मागवू, असं सगळं बोलणं झालं. प्रसेनजीतला ते सगळं पाठ होतं. फक्त मराठीत पाठ होतं.

"त्येला ऐकू येतंय," तो म्हणाला. "तो वर ऱ्हाणार नसंल तर मी बी ऱ्हात न्हाय."

त्याचा परवाना कारखान्याच्या नावावर होता. नोकरी गेली असती तर महिन्याभरात बायकोपोरीसह देश सोडावा लागला असता. प्रीती नुकती तिथल्या शाळेत रुळत होती. त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं आक्काताईला झालेलं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "काठी ठिवलासा का फेकलासा?"

"अजून हातात हाय."

दोन दिवसांनी वेकेसा वर उभा राहिला. दोन्ही काहिलींचा गूळ शेजारी शेजारी ठेवला तर कुठला कुणाचा हे शेठना सांगता आलं नाही.

दोन हजार तीनच्या दिवाळीला प्रसेनजीत दोन महिन्यांच्या रजेवर माळवाडीला आला. गाव बदललं होतं. ऊस साखर कारखान्याला जाऊ लागला होता आणि बरीच गुऱ्हाळं मोडली होती. जयसिंगरावांचं अजून चालत होतं, पण थोडेच दिवस. महिपतीला डोळ्यानं कमी दिसत होतं. आकाराम सत्तरीच्या पुढं गेले होते आणि चुलवाणाशी बसायचं त्यांनी नेसरीहून आल्यापासूनच सोडलं होतं. त्यानंतर सौद्यात जयसिंगरावांचा गूळ एक नंबरला गेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात आवाज आला. "प्रसेनजीत हाय का घरात?"

जयसिंगराव होते. एवढ्या वर्षांत त्यांनी या घरातल्या माणसांना रस्त्यावरूनच हाक मारली होती. आज ते चपला काढून आत आले, खुर्चीवर बसले, आक्काताईनं दिलेला चहा घेतला.

"अतुलचं बघायचं हुतं," ते म्हणाले. अतुल त्यांचा धाकटा, बावीस वर्षांचा. आय.टी.आय. अर्धी सोडलेली. "रमणिकभाई म्हणत हुते, तिकडं आणखी एक माणूस घेणार हाईत. तू म्हणशील त्याला घेणार. तू एक दाखला दिलास तर पोराचं कल्याण हुईल."

"काय येतंय अतुलला?"

"आरं, आमच्या घरात गुऱ्हाळ हाय. तीन पिढ्यांचं. रक्तातच गूळ हाय त्येच्या."

कोपऱ्यातल्या बाजेवरून आकाराम म्हणाले, "रक्तात गूळ असला की डाक्टर गोळ्या देत्यात, मालक."

आक्काताईनं पदर तोंडाला लावला. जयसिंगरावही ओशाळं हसले. प्रसेनजीत हसला नाही.

"दाखला देतो," तो म्हणाला. "पण जे केलं न्हाई त्येचा कसा देऊ? माझी रजा संपायला सात आठवडं हाईत. तुमचं गुऱ्हाळ पेटलंय. अतुलला रोज चुलवाणाशी बसू दे. आबा शिकवतील."

"माझा पोरगा? चुलवाणाशी?" जयसिंगरावांनी कप बशीवर ठेवला. "गाव काय म्हणंल?"

"गाव तीस वर्सं आबांस्नी बघत हुतं की. काय म्हणलं व्हय?"

जयसिंगराव उठले. चपला पायात सरकवून गेले. आक्काताईनं कप उचलला. "चा मातूर सगळा पिऊन गेलं," ती म्हणाली.

दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी अतुल आला, एकटाच. बापाशी काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. आकारामांनी काठी घेतली आणि त्याच्याबरोबर गुऱ्हाळावर गेले. चुलवाणाच्या तोंडाशी एक दगड होता, त्यावर बसले. अतुल उकिडवा बसला. चिपाडांच्या पहिल्याच घासाला धूर उलटला आणि तो खोकून खोकून लाल झाला. वरून काही बघे वाकून बघत होते.

"त्यांच्याकडं बघू नको," आकाराम म्हणाले. "डोळं मिट आन् ऐक."

पोराला नाद लागला. आठ-दहा दिवस त्याला खदखदीशिवाय काही ऐकू येईना. मग एका सकाळी त्यानं आकारामांच्या आधी मान वर केली. डिसेंबरात जयसिंगरावांचे रवे सौद्यात पुन्हा एक नंबरला लागले.

निघायच्या आदल्या दिवशी प्रसेनजीत दाखला घेऊन वरुट्यांच्या सोप्यावर गेला. स्वतःच्या हातानं लिहिलेला, एका कागदावर. अतुल जयसिंगराव वरुटे यांनी माळवाडी येथील गुऱ्हाळावर सेहेचाळीस दिवस जाळव्या म्हणून काम केले. त्यांना काहील ऐकू येऊ लागली आहे. परीक्षक, प्रसेनजीत आकाराम कांबळे, गुळव्या. त्याखाली एक ओळ मोकळी सोडलेली होती: वरील मजकूर व हुद्दे खरे आहेत, गुऱ्हाळमालक.

"ही कशाला?" जयसिंगरावांनी विचारलं.

"दाखल्यावर मालकाची सही लागतीया. मला बी लागली हुती."

जयसिंगरावांनी चष्मा लावला. कागद वाचला. प्रसेनजीतच्या नावापुढच्या शब्दाशी ते थांबले आणि तो त्यांनी पुन्हा वाचला. दाराच्या चौकटीला टेकून अतुल उभा होता. त्याच्या भुवया जाळानं करपलेल्या होत्या. प्रसेनजीतनं खिशातलं पेन काढून पुढं केलं आणि तो थांबून राहिला. त्याला घाई नव्हती. सात वर्षं होत आली होती, आणखी थोडा वेळ जाऊ दे.

जयसिंगरावांनी सही केली.

"तारीख बी घाला, मालक," प्रसेनजीत म्हणाला.